शेटचा ब्रश आणि गोव्याचा पावसाळा: डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश रुळवण्याचं एक प्रकरण

डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश दुकानातून येतो तेव्हा अर्धाच तयार असतो. उरलेलं काम रोजच्या पाण्याने, साबणाने, हाताने आणि रोजच्या वाळण्याने व्हायचं असतं. यातलं वाळण्याचं काम बहुतेक जण एका वाक्यात उरकतात: झटका आणि ठेवून द्या. गोव्यात जून ते सप्टेंबर हे वाक्य पुरत नाही. डिचोलीतल्या एका सोनारकाम करणाऱ्या गृहस्थांचा ब्रश याच महिन्यांत कचऱ्यात जायच्या बेतात होता आणि दिवाळीपर्यंत तो उत्तम रुळला. मधे काय बिघडलं, का बिघडलं आणि कसं सावरलं ते सगळं इथे मांडतो. कोकणपट्टीत राहून असा ब्रश वापरू पाहणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हेच येणार आहे.

माणूस, मान आणि ब्रश

या गृहस्थांना सगळे शेट म्हणतात, मीही तेच म्हणतो. वय साठीच्या पुढे. दाढी दाट, केस जाड. मानेवरचे केस एका दिशेने उगवत नाहीत, डाव्या बाजूला तर चक्क भोवरा आहे. डब्यातला तयार फोम आणि तीन-चार पात्यांची कार्ट्रिज यांवर त्यांची कित्येक वर्षं गेली आणि तितकीच वर्षं मानेवर केसतोड होत राहिली. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि मागचं पातं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. केस जाड आणि वळणदार असेल तर वाढताना त्याचं टोक कातडीतच शिरतं आणि तिथे लाल, दुखरी गाठ येते. त्वचेच्या डॉक्टरांनी शेटना चार गोष्टी सांगितल्या होत्या: दाढीआधी केस कोमट पाण्याने नीट भिजवून मऊ करा, उलटी दाढी बंद करा, रेझर दाबू नका, एका पात्याचा रेझर वापरून पाहा.

केस मऊ करायचे तर ब्रश हवा, हे त्यांच्या डोक्यात आलं ते वडिलांमुळे. वडिलांकडे पोर्तुगीज अमलातला, म्हणजे 1961 च्या आधी घेतलेला एक ब्रश होता. मिसरूड फुटलं तेव्हा शेट त्याच ब्रशने दाढी करायला शिकले. तो ब्रश किती मऊ होता हे ते अजून हाताने हवेत दाखवून सांगतात. म्हणून लिस्बनला असलेल्या पुतण्याने मे महिन्यात यायच्या आधी फोनवर विचारलं, “काका, काय आणू?” तेव्हा शेट म्हणाले, “बाबांचा होता तसला ब्रश मिळाला तर बघ.”

पुतण्याने नीट चौकशी करून आणला. पोर्तुगालमध्येच बनलेला, रंगवलेल्या लाकडी मुठीचा, पूर्ण डुकराच्या केसांचा. गुच्छाची जाडी साधारण 24 मिलिमीटर, मुठीबाहेर केसांची लांबी 55 च्या आसपास. या प्रकारात 22 ते 28 मिलिमीटर जाडीचे ब्रश सर्रास मिळतात, म्हणजे हा मधला, चेहऱ्यावरच फेस करायला सोयीचा आकार. वस्तू चांगली होती, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे शेटचा सगळा राग वस्तूवरच निघाला.

पहिल्या दाढीला ब्रश गालाला टोचला. ओला झाल्यावर त्याला गोठ्यासारखा उग्र वास आला. ट्यूबमधलं क्रीम लावून फिरवल्यावर फेस आला खरा, पण हनुवटीवरून मानेपर्यंत पोचेस्तोवर विरून गेला. पाच-सहा केस गालाला चिकटून राहिले. शेटनी निष्कर्ष काढला: पोराला कोणीतरी नकली माल दिला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मुळं या निष्कर्षात आहेत. शेट नव्या ब्रशची तुलना वडिलांच्या ब्रशशी करत होते. तो त्यांच्या हातात आला तेव्हा निदान पंधरा वर्षं रोज वापरात होता. तो मऊ होता तो या पंधरा वर्षांमुळे. नवा असताना तोही टोचला असणार. पण तेव्हा टोचून घेणारे गाल वडिलांचे होते.

केस आत काय करतो

डुकराचा केस जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. आपल्या केसासारखाच तो केराटिनचा बनलेला, वरून खवल्यांचं बारीक आवरण, आत तंतूंचा गाभा. वेगळेपण टोकाला आहे: हे टोक निसर्गतःच दुभंगलेलं असतं, कधी दोन, कधी तीन फाट्यांत. चांगल्या ब्रशमध्ये ही नैसर्गिक टोकं तशीच ठेवून गुच्छ बांधतात. स्वस्त ब्रशमध्ये आकार यावा म्हणून टोकं कातरतात आणि मग बोथट कापलेला केस मऊ पडायला फार वेळ घेतो. वापरताना ओलं होणं, साबण, घासणं आणि पुन्हा वाळणं यांतून हे फाटे आणखी खोल जातात आणि टोक बारीक-बारीक तंतूंत उलगडतं. बुंधा ताठ राहतो, टोक मऊ होतं. रुळलेल्या डुकराच्या ब्रशची सगळी खुबी याच जोडीत आहे: पाठीशी जोर, पुढे मऊपणा. बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांच्या ब्रशला मऊपणा पहिल्या दिवसापासून असतो, पण हा जोर बहुधा नसतो, आणि घट्ट साबणाच्या वडीवरून साबण उचलायला जोरच लागतो.

दुसरा भेद पाण्याचा. बॅजरचा ब्रश पाणी मुख्यतः केसांच्या मधल्या फटींत धरतो, म्हणून तो बुडवला की तयार. डुकराचा केस पाणी स्वतःच्या आत घेतो. केराटिनचा तंतू पूर्ण भिजला की आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी आत घेतो. त्याची जाडी वाढते, लांबी जवळपास तेवढीच राहते आणि तो लवचिक होतो. पण याला वेळ लागतो, मिनिटांत मोजायचा वेळ. शेट डब्यातल्या फोमच्या सवयीने घाईत हा ब्रश नळाखाली क्षणभर धरत आणि लगेच क्रीम लावत. तहानलेला केस मग फेसातलंच पाणी ओढून घेई. फेस विरत होता तो असा. क्रीमचा काही दोष नव्हता.

वासाचं कारणही साधं. प्राण्याच्या केसाला स्वच्छ केल्यावरही थोडा अंगचा वास राहतो आणि कोमट पाण्यात तो उठतो. भांडी घासायच्या द्रव साबणाने किंवा शांपूने दोन-तीनदा धुतलं आणि रोज वापरलं की आठवडाभरात बहुतेक जातो. सुरुवातीला काही केस गळणंही नेहमीचं. बांधताना सैल राहिलेले केस निघून जातात आणि गळणं थांबतं. झुपका हातात आला तर मात्र बुडात गडबड आहे असं समजावं.

उकळणं आणि श्रावण

जूनमध्ये शेटना कोणीतरी सांगितलं की डुकराचे केस उकळल्याशिवाय मऊ पडत नाहीत आणि त्यातले जंतूही मरत नाहीत. त्यांनी टोपात पाणी उकळून ब्रश मुठीपर्यंत त्यात सोडला.

जंतूंच्या भीतीला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा पुरवठा तुटला, त्यांच्या जागी घोड्याचे केस रंगवून वापरले गेले आणि नीट निर्जंतुक न केलेल्या अशा ब्रशांमधून ब्रिटन आणि अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स झाला. काही जण दगावले. त्यानंतर केस निर्जंतुक करणं ही ब्रश बनवणाऱ्यांची जबाबदारी ठरली आणि आज ओळखीच्या कारखान्यातून आलेला ब्रश घरी उकळावा लागत नाही. उकळल्याने नुकसान मात्र नक्की होतं. गुच्छ बुडाशी चिकटद्रव्याने पक्का केलेला असतो, ते जास्त तापलं की सैल पडतं. लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते आणि वरचा रंग तडकतो. केसही ठिसूळ होतो. शेटच्या ब्रशला यातलं बहुतेक सगळं झालं: गुच्छाच्या मधोमध केस गळून विरळ जागा पडली आणि मुठीच्या गळ्याशी रंगाला बारीक चीर गेली. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम, साधारण 45 अंशांपर्यंत, याच्या पुढे कधीही जाऊ नये. ब्रश बुडवायचा तोही केसांपुरता, मूठ पाण्याबाहेर.

घरात दुसराही एक प्रश्न होता. शेटच्या आई नव्वदीला टेकल्यात, घरात सोवळं-ओवळं पाळलं जातं. डुकराचे केस न्हाणीघरात नकोत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेट म्हणाले, “अगं आई, बाबा पेढीवर रिठ्याच्या पाण्यात दागिने कशाने घासत होते?” सोनारांकडे हे काम राठ केसांच्या ब्रशनेच चालतं आणि आईंना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, “पेढीचं पेढीवर. हा पडवीत ठेव.” ब्रश पडवीतल्या लाकडी कपाटात गेला, दार बंद.

ही बाब मला हसण्यावारी न्यायची नाही. कुणाच्या घरी डुकराचे केस चालत नाहीत, मुसलमान मित्राला तर ते निषिद्धच, कुणी प्राण्यांपासून केलेली वस्तू वापरत नाही. असा ब्रश कुणाला भेट देण्याआधी विचारून घ्यावं. कृत्रिम धाग्यांचे ब्रश आता इतके चांगले निघालेत की त्यांच्यावाचून काही अडत नाही.

मग श्रावण लागला. शेट श्रावणात दाढी करत नाहीत. शेवटच्या दाढीनंतर ब्रश नेहमीसारखा विसळून, दोन झटके देऊन कपाटात गेला आणि महिनाभर तिथेच राहिला. बाहेर गोव्याचा पाऊस. इथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणून झाल्यावर, शेटनी दाढीला ब्रश काढला तेव्हा त्याला कुबट वास होता आणि केसांच्या बुडाशी काळे ठिपके होते. त्यांनी तो खिडकीबाहेर टाकायला काढला. पुतण्याचं मन मोडू नये म्हणून तेवढा टाकला नाही, आणि चवथीचे दिवस सरल्यावर मला बोलावलं.

तपासणी

ब्रश हातात घेतल्यावर मी तीन गोष्टी वेगळ्या केल्या: काय नेहमीचं आहे, काय बिघडलंय पण सुधारेल, आणि काय सुधारणार नाही. टोचणं नेहमीचं. जेमतेम दोन महिने, तेही न भिजवता वापरलेला ब्रश टोचणारच. बुरशी सुधारण्यासारखी, कारण केस ओढून पाहिले तर बुडाशी पक्के होते आणि ठिपके गुच्छाच्या बाहेरच्या कडेला होते. आतून काळा पडला असता, ओढल्यावर केस तुटले असते, तर मीच टाकायला सांगितलं असतं. बुरशी गाभ्यात गेलेल्या ब्रशवर वेळ घालवू नये, तो चेहऱ्यावर लावायचा असतो. मधली विरळ जागा आणि मुठीची चीर कायमची.

शेटनी मग त्यांचं कामाचं भिंग आणलं, दहा पट मोठं दाखवणारं. हिऱ्याचा दोष बघायची सवय असलेल्या माणसाने केसाचं टोक बघावं तसं त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “फाटे आहेत, पण थोडे. काहींना तीन, बऱ्याच केसांना दोनच, तेही उथळ.” त्यांना पटलं ते या क्षणी. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांचा त्यांच्या डोळ्यावर विश्वास जास्त, आणि तो असायलाच हवा. माल नकली नाही, टोकं कातरलेली नाहीत, काम अर्धवट राहिलंय. पुढचे दोन महिने दर काही दिवसांनी ते भिंगातून बघत राहिले.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र भिंगात दिसत नाही. केराटिन हवेतलं पाणीही ओढतं. हवेत 90 टक्के दमटपणा असेल तर केस न भिजवताच आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी धरून बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये डिचोलीत दिवसचे दिवस अशी हवा असते. म्हणजे वरून कोरडा वाटणारा ब्रश आतून ओलाच. भिजणं आणि वाळणं या दोन टोकांमधल्या ताणाने टोक दुभंगत जातं. वाळणंच झालं नाही तर हा ताण बसत नाही, आणि बुडाशी गच्च बांधलेल्या भागात, जिथे साबणाचा अंशही राहतो, बुरशीला हवं ते सगळं मिळतं. पावसाळ्यात एकच ब्रश रोज वापरणाऱ्याचा ब्रश रुळत कमी आणि कुजत जास्त असतो. ब्रश कुठे उभा करायचा, उलटा टांगायचा की खाली ठेवायचा, यावर लोक वाद घालतात. मला त्यात फारसं तथ्य दिसत नाही. हवा खेळली पाहिजे आणि दोन वापरांमध्ये वेळ गेला पाहिजे, बस.

काय केलं

आधी भांड्यांच्या द्रव साबणाने ब्रश बुडापर्यंत बोटं घालून धुतला. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात फक्त केस दहा मिनिटं. गोव्यात माडाचं व्हिनेगर घराघरांत असतं, पण त्याला रंग आणि वास असतो, म्हणून पांढरं घेतलं. सौम्य आम्लाने बुरशी आटोक्यात यायला मदत होते आणि साबणाचा साचलेला थरही सुटतो. पुन्हा साबण, पुन्हा भरपूर पाणी. नंतर दोन दिवस त्याला हात लावला नाही, पंख्याच्या वाऱ्यात ठेवला. ठिपके फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. कुबट वास गेला आणि परत आला नाही. काळा ठिपका बुरशी मेल्यावरही डाग म्हणून राहू शकतो. वास परत येतो का, यावर लक्ष ठेवायचं.

जागा बदलणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय ठरला. पावसात आमच्याकडे कपडेसुद्धा हॉलमध्ये पंख्याखाली दोरीवर वाळतात, ब्रशला वेगळा न्याय कशाला? पण हॉलमध्ये आईंची हरकत. मग पडवीच्या आतल्या खिडकीच्या गजाला एक तारेचा आकडा केला (सोनाराच्या हाताला किती वेळ लागणार!) आणि ब्रश तिथे टांगला. पावसाची झड लागत नाही, वारा लागतो, संध्याकाळी शेट पडवीत बसतात तेव्हा टेबलफॅन चालू असतोच. ऊन पडलं की ब्रश कडक उन्हात ठेवायचा मोह होतो, तो टाळला. लाकडी मुठीची चीर उन्हाने वाढली असती.

दुसरा ब्रश घेतला, कृत्रिम धाग्यांचा, स्वस्त. तो पाणी पीत नाही, म्हणून तासा-दोन तासांत वाळतो आणि त्याला रुळवावं लागत नाही. घाईच्या दिवशी शेट तो वापरत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून शेट तसेही मानेला विश्रांती मिळावी म्हणून एक दिवसाआड दाढी करू लागले होते. त्यामुळे डुकराच्या ब्रशला प्रत्येक वेळी दोन दिवसांची उसंत मिळाली.

दाढीची पद्धत शून्यापासून बदलली. आंघोळीला जायच्या आधी ब्रश वाटीतल्या कोमट पाण्यात केसांपुरता बुडवायचा आणि आंघोळ होईपर्यंत तिथेच ठेवायचा. रुळलेल्या ब्रशला तीन-चार मिनिटं पुरतात, नव्याला दहा दिली तरी चालतात. बाहेर काढून दोन हलके झटके, पिळायचा नाही. ट्यूबच्या क्रीमऐवजी मी त्यांना दाढीच्या साबणाची घट्ट वडी घ्यायला लावली. वडीवर ब्रश अर्धा मिनिट गोल फिरवताना टोकं सारखी वाकतात, उलगडतात आणि रुळायला मदत होते. नव्या ब्रशला साबण जास्तच लागतो, तो कंजूषपणा करू नये. मग चेहऱ्यावर आधी गोल, नंतर रंगवल्यासारखे सरळ हात, मधे थेंब-थेंब पाणी. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, त्यात फेस लवकर चढतो. म्हणून घाईने थांबू नये, अजून पाणी मागतोय का ते बघावं. फेस ताज्या दह्यासारखा घट्ट आणि चकचकीत दिसला की तयार. वर मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं किंवा साबण कमी पडला.

शेटचा हात कामाचा असल्यामुळे जोराचा आहे आणि ते ब्रश गालावर बुडापर्यंत दाबत. हे मी पहिल्याच दिवशी थांबवलं. ब्रश असा चिरडला की मधले केस बुडाशी मोडतात, आणि यांच्या ब्रशला मधे आधीच विरळ जागा होती. टोकांनी काम करायचं, बुडाने नाही.

दाढी नसेल त्या दिवशी हातावर फेस करणं, हा रुळवण्याचा सगळ्यांत चांगला उपाय. भिजवलेल्या ब्रशने तळहातावर दोन-तीन मिनिटं फेस करायचा, विसळायचा, टांगायचा. चेहऱ्याला त्रास नाही आणि ब्रशला एक फेरी मिळते. मात्र तो ब्रश आदल्या वेळचा पूर्ण वाळलेला हवा. शेट उत्साहाच्या भरात पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा फेस करत होते, ते थांबवावं लागलं. भाद्रपदातला पाऊस अजून होताच. मी सांगितलं, “शेट, केस गालाला लावून बघा. गार लागला तर आत पाणी आहे, आज सुट्टी.” ही खूण त्यांना फार उपयोगी पडली.

कोणी साबणाने माखलेला नवा ब्रश रात्रभर तसाच ठेवायला सांगतात. कोरड्या हवेत एखाद-दोनदा चालून जाईल. गोव्याच्या पावसाळ्यात मी तो सल्ला कुणालाही देणार नाही.

काय झालं

डुकराचा वास पहिल्या आठवड्याभरात गेला. फेस टिकायला लागला तो लगेच, कारण त्याचं कारण भिजवणं हेच होतं. पहिल्या नीट भिजवलेल्या दाढीला मानेपर्यंत फेस पुरला तेव्हा शेटनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. मऊपणाला वेळ लागला. नवरात्रापर्यंत टोचणं कमी झालं होतं, पण गालाच्या हाडावर अजून जाणवत होतं. पाऊस ओसरला, हवा कोरडी व्हायला लागली आणि तिथून फरक झपाट्याने पडला. माझी तर खात्री आहे की भाद्रपदातल्या जितक्या फेऱ्यांनी जेवढं झालं, त्याच्या दुप्पट आश्विनातल्या तेवढ्याच फेऱ्यांनी झालं. भिंगातून शेटना आता टोकाला पिसासारखे बारीक तंतू दिसत होते. ते मोजायचा प्रयत्नही त्यांनी केला आणि मग सोडून दिला. नरकचतुर्दशीच्या आधीच्या दाढीला त्यांनी ब्रश कोरडाच गालावर फिरवून पाहिला आणि म्हणाले, “बाबांचा एवढा नाही, पण त्याच घराण्यातला आहे.”

मानेचं सांगायचं तर केसतोड खूपच कमी झाली. एखाद-दुसरी गाठ भोवऱ्यापाशी अजून येते. पण याचं श्रेय मी ब्रशला देणार नाही, कारण त्याच सुमारास शेटनी कार्ट्रिज सोडून एका पात्याचा सेफ्टी रेझर घेतला, उलटी दाढी बंद केली आणि दाबणं सोडलं. केसतोडीवर यांचा हात मोठा असणार. ब्रशने केस भिजले, उभे राहिले आणि पातं हलक्या हाताने फिरायला वाव मिळाला, एवढं मी खात्रीने म्हणेन. केसतोड होतेय म्हणून कुणी फक्त ब्रश घेऊन थांबू नये, आधी डॉक्टरांना मान दाखवावी.

मधली विरळ जागा तशीच आहे. फेसात ती जाणवत नाही, कोरड्या ब्रशवर दिसते. मुठीच्या चिरेत शेटनी नेलपॉलिशचा पारदर्शक थर भरला, पाणी आत जाऊ नये म्हणून. ते चांगलं बसलंय.

आता पुढच्या पावसाळ्याची व्यवस्था ठरली आहे. जून ते सप्टेंबर कृत्रिम धाग्यांचा ब्रश मुख्य, डुकराचा आठवड्यातून दोनदा, दोन वापरांत तीन दिवसांचं अंतर. बंद कपाट नाही, प्लॅस्टिकची नळी नाही, पिशवी नाही. आषाढ अमावास्येला दाढी झाली की ब्रश साबणाने धुऊन आकड्यावर. श्रावणात दाढी नसली तरी आठवड्यातून एकदा हातावर फेस करून वाळवायचा, म्हणजे तो डोळ्यांखाली राहील आणि बुरशी धरायला लागली तर चार दिवसांतच वासावरून कळेल. हातावर फेस करणं म्हणजे दाढी नव्हे, हे शेटनी आईंना विचारून घेतलंय. त्यांची हरकत नाही, पडवीतच करायचं एवढंच.

पुतण्या पुढच्या मे महिन्यात येतोय. त्याला दुसरा एक ब्रश सांगितलाय, याच प्रकारचा, पण मूठ लाकडी नको, प्लॅस्टिकची चालेल. पोर्तुगालात सेमोग 1955 पासून आणि इटलीत बोलोन्याला ओमेगा 1931 पासून असे ब्रश बनवतात, दोन्हींपैकी जो मिळेल तो. तो शेटच्या मुलासाठी आहे आणि तो मे महिन्यातच, पावसाच्या आधी, रुळवायला घ्यायचा.